सामाईक पातेलं

वाड्यात वाढलेल्या माणसाला 'सामाईक' या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. सामाईक नळ, सामाईक जिना, सामाईक मोरी आणि या तिन्हींवरून होणारी खाजगी भांडणं, यांतच त्याचं बालपण गेलेलं असतं. आमच्या वाड्यात याखेरीज एक सामाईक पातेलं होतं. पन्नास पानांचा मसालेभात एका दमात शिजेल एवढं. कुणाकडे मुंज असो, बारसं असो की सत्यनारायण असो, पातेलं त्या बिऱ्हाडात जायचं आणि कार्य उरकलं की घासूनपुसून जिन्याखाली परत यायचं. सात बिऱ्हाडांना सात पातेली घेण्याची ऐपत नव्हती, आणि घेतली असती तर माणसांना बाहेर झोपावं लागलं असतं. पातेल्याच्या काठावर नाव घातलेलं होतं आणि नावाखाली साल होतं. त्यामुळे हे पातेलं कुठलं, असा प्रश्न कुणाला कधी पडला नाही.

हे पातेलं इतक्या वर्षांनी आठवायला कारण आमचा भाचा. तो आयटीत आहे, म्हणजे दिवसा झोपतो आणि रात्री अमेरिकेशी बोलतो. एका रविवारी मी त्याला म्हटलं, "अरे, मी सोसायटीचा खजिनदार झालोय. थकबाकीवरचं व्याज काढून देणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दे."

"देतो की मामा. व्याजाचा भाग शेअर्ड लायब्ररीत टाकतो, म्हणजे बिलाचा प्रोग्राम आणि पावतीचा प्रोग्राम दोघेही तोच वापरतील."

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दिवाळी अंक आले. शेअर्ड म्हटल्यावर परत न आलेले दिवाळी अंक आले. पण तसं नव्हतं. भाच्याने समजावलं ते असं : फाईल उघडणं, खिडकी काढणं, आकडेमोड करणं ही कामं प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती प्रत्येकाने आपल्या पोटात घेऊन फिरण्यापेक्षा एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची. प्रोग्राम सुरू झाला की लोडर नावाचा गडी ती फाईल शोधून आणतो, मेमरीत मांडतो, आणि मग एकाच प्रतीवर सगळ्यांचं जेवण होतं.

"अरे, हे तर आमचं पातेलं!" मी म्हणालो.

आणि कारणही तेच होतं, गरिबी. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली तेव्हा तिला २५६ किलोबाइट मेमरीत संसार करायचा होता. आज व्हॉट्सअॅपवर येणारी एखादी लग्नपत्रिकाही याहून जड असते. तेव्हा विंडोजने सामाईक फाईली काढल्या. १९८८ साली सन कंपनीने आपल्या सनओएसमध्ये तीच सोय केली, आणि मग हा शहाणपणा युनिक्सच्या सगळ्या घराण्यात पसरला. इथपर्यंत मला सगळं पटलं. गरिबीतून आलेला शहाणपणा मला नेहमीच पटतो.

पटेनासं झालं ते पुढे. सोसायटीच्या ऑफिसात विंडोज. अध्यक्षांकडे मॅक, कारण त्यांचा मुलगा परदेशी असतो. भाच्याकडे लिनक्स, कारण भाचा तत्त्वाचा माणूस आहे. भाच्याने व्याजाचा हिशेब लिहिला एकदाच, सी भाषेत, जेमतेम पानभर. पण त्याचं पातेलं मात्र तीन वेळा ओतावं लागलं, कारण तिन्ही घरच्या चुली वेगळ्या. विंडोजवर त्या फाईलचं आडनाव डॉट डीएलएल, लिनक्सवर डॉट एसओ, मॅकवर डॉट डायलिब. आतली मांडणीही निराळी. विंडोजची १९९३च्या एनटीपासूनची, लिनक्सची युनिक्सच्या सिस्टिम फाइव्हकडून आलेली, मॅकची नेक्स्ट कंपनीकडून. ती कंपनीच अॅपलने १९९७ साली विकत घेतली. हाक मारायची तर लिनक्स-मॅकवर 'डीएलओपन' आणि विंडोजवर 'लोडलायब्ररी'. एचपीच्या युनिक्सवर कधीकाळी डॉट एसएल म्हणत. आयबीएमच्या एआयएक्सवर डॉट ए नावाच्या गाठोड्यात ती बांधून ठेवतात. या सगळ्या सोयऱ्यांत बोलणी करायला लिबटूल नावाचा एक मध्यस्थ नेमलेला आहे. तिघांच्याही पोटात शेवटी शून्य आणि एकच जातात. पण पंगती वेगळ्या.

शिवाय घरोघरच्या रीती. लिनक्सचं दार सताड उघडं. लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन, मुद्दाम झाकलं नाही तर, बाहेरच्यांना दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं उलट. तिथे ज्या फंक्शनला बाहेर जायचा पास दिला असेल तेवढंच दिसणार. भाचा पास द्यायला विसरला. डीएलएल तयार झाली, ऑफिसात पोचली, उघडलीसुद्धा. आत व्याज नाही! मॅकची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लायब्ररीच्या अंगावर तिचा पत्ता गोंदलेला असतो आणि तिच्या भरवशावरचा प्रोग्राम तो पत्ता नकलून घेतो. भाच्याने मॅकचं काम मित्राकडे बसून केलं होतं. परिणामी अध्यक्षांचा कंप्युटर अध्यक्षांच्या घरी बसून भाच्याच्या मित्राच्या फोल्डरात व्याज शोधत होता. बरं, मॅकची स्वतःची लायब्ररी शोधायला जावं, तर २०२० सालच्या बिग सरपासून ती फाईल म्हणून डिस्कवर दिसतच नाही. सगळ्या मिळून एका मोठ्या साठ्यात ठेवल्या आहेत. दिसत नाही, पण हाक मारली की येते. हे गुण मी आजवर फक्त परमेश्वराचे ऐकले होते.

चुका होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी पहिली तक्रार आहे ती चूक सांगण्याच्या पद्धतीबद्दल. लिनक्सच्या लोडरला फाईल नेऊन प्रोग्रामच्या शेजारी ठेवली तरी तो म्हणतो, "अशी फाईल नाही." कारण काय, तर वेगळं सांगितल्याशिवाय ठरलेल्या कपाटांखेरीज तो बघत नाही. जुना मॅक म्हणायचा, "लायब्ररी चढवली नाही, कारण, प्रतिमा सापडली नाही." आम्ही फोटो मागितलाच नव्हता. विंडोज १२६ नंबरची चूक दाखवते : "सांगितलेले मॉड्यूल सापडले नाही." आता सांगितलेलं मॉड्यूल डोळ्यांसमोर असतं, सापडत नसतं ते त्याला लागणारं दुसरंच कुठलंतरी, आणि त्याचं नाव सांगायचं नाही असा नियम दिसतो. १९३ नंबरची चूक तर फ्रेम करून लावावी अशी आहे. बत्तीस बिटवाला प्रोग्राम आणि चौसष्ट बिटवाली लायब्ररी यांची गाठ पडली की पुष्कळदा पडद्यावर येतं, "टक्के एक हे वैध विन बत्तीस अॅप्लिकेशन नाही." हे टक्के एक म्हणजे फाईलचं नाव भरायची मोकळी जागा. ती भरायची राहून गेलेली आहे! ज्याने पत्रावर "श्री./श्रीमती" यांतलं काही न खोडता आणि पुढे नाव न लिहिता ते टपालात टाकलं, असा एखादा कारकून आमच्या बँकेत असता, तर त्याच्याकडून खुलासा मागवला असता. इथे मात्र त्या पत्राच्या लाखो प्रती निघतात.

आणि हे पत्र वाचायचं कुणी? काउंटरच्या अलीकडे बसलेल्या माणसाने. पलीकडे रांगेत सत्तरीचे पेन्शनर उभे असतात आणि पडद्यावर येतं, अमुक डॉट डीएलएल नाही. पेन्शनर विचारतात, "काय हो, काय नाही म्हणतोय?" काय सांगणार?

असो. भाच्याने महिनाभरात तिन्ही पातेली नीट बसवली. सोसायटीचं व्याज बिनचूक निघू लागलं. इथे ही गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

झालं असं, की लायब्ररीतल्या फंक्शनला तीन गोष्टी द्याव्या लागत : मुद्दल, दर आणि मुदत. मुदत दिवसांत. सेक्रेटरींना तिमाही बिलं छापायला ती महिन्यांत हवी होती. मी भाच्याला फोन केला, "अरे, ते दिवसांचं महिन्यांत करून टाक ना, सोपं पडेल." भाच्याने त्या रात्री अमेरिकेशी बोलता बोलता करून टाकलं. बिलाचा प्रोग्राम त्याने बदलला. नवी लायब्ररी जुनीच्या जागी, जुन्याच नावाने ठेवून दिली. पावतीचा प्रोग्रामही तीच लायब्ररी वापरतो, हे त्याला आठवलं नाही. मला ठाऊक असायला हवं होतं.

तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. गणित शिकवायचे. सोसायटी उभी राहिल्यापासून त्यांचा हप्ता कधी चुकला नाही. त्या महिन्यात बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या धावपळीत त्यांना बारा दिवस उशीर झाला. पावतीच्या प्रोग्रामने आपल्या सवयीप्रमाणे 'बारा' पाठवले. नव्या लायब्ररीने बारा महिने समजून घेतले. २,४०० रुपयांवर १८ टक्क्यांनी १२ दिवसांचं व्याज होतं १४ रुपये. पावतीवर छापून आलं ४३२. या वेळी मात्र पडद्यावर एकही चूक आली नाही. १२६ नाही, १९३ नाही. लोडर नाव बघतो; नाव तेच होतं. दिवस की महिने, हे त्याला कुणी विचारायला सांगितलेलंच नव्हतं.

मास्तरांनी ४३२ रुपये भरले. शब्द बोलले नाहीत. शंभर रुपयांवर व्याज असणाऱ्यांची थकबाकीदार म्हणून यादी निघते, ती प्रोग्रामने आपणहून काढली, आणि वॉचमनने नेहमीप्रमाणे नोटीस बोर्डावर लावली. यादीत एकच नाव होतं. संध्याकाळी बाकावर बसायला मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवड्याने मला एक पाकीट मिळालं. आत पावतीची झेरॉक्स आणि तिच्या मागे सुवाच्य अक्षरात मांडलेलं त्रैराशिक. उत्तर १४ रुपये २० पैसे. खाली एकच ओळ : "रीत तपासून पाहावी."

मी भाच्याला बोलावून घेतलं. तो ओशाळला, पण त्याच्या पिढीला औषध तोंडपाठ असतं. "मामा, म्हणूनच हल्ली कुणी शेअर करत नाही. या प्रकाराला आमच्यात 'डीएलएल हेल' म्हणतात. एक प्रोग्राम बसवला की तो आपली डीएलएल जुनीवर आपटतो आणि दुसरा प्रोग्राम मरतो. विंडोजने एक्सपीपासून एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय केली ती त्यासाठीच. त्यापेक्षा प्रत्येकाने आपलं सगळं आपल्याबरोबर न्यावं. डिस्क काय, स्वस्त आहे."

म्हणजे सात बिऱ्हाडांत सात पातेली! गो भाषेतले प्रोग्राम बहुतेक सगळं पोटात घालूनच निघतात. २०१३ साली आलेल्या डॉकरने तर पातेल्याबरोबर चूल, ओटा आणि भिंतही उचलून न्यायची सोय केली. प्रवासाला निघालेल्याने डबा न्यावा, हे मला मान्य आहे. पण डबा नेला म्हणजे स्वयंपाकघर वाईट ठरत नाही.

२०१४च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या मेमरीतला चौसष्ट किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका वेळी मुकाट बाहेर ओढता येत होता. जिथे पातेलं सामाईक होतं तिथे एक फाईल बदलली, ती वापरणारे प्रोग्राम पुन्हा सुरू केले, की भोक बुजलं. ज्यांनी ती पोटात घातली होती त्यांना प्रत्येक पोट उघडावं लागलं. २०२१च्या डिसेंबरात जावाच्या लॉग-फोर-जे लायब्ररीचं तेच झालं. ती इतक्या गाठोड्यांतल्या गाठोड्यांत बांधलेली होती, की ती आपल्याकडे आहे की नाही हे शोधण्यातच लोकांचे दिवस गेले. आपापलं पातेलं आणणाऱ्याला वाटतं, आपली भानगड मिटली. मिटलेली नसते. फक्त मोजता येईनाशी झालेली असते.

भाच्याने मग हुकमाचा पत्ता टाकला. "आणि २०२४चं एक्सझेड?" हे प्रकरण खरंच वाईट होतं. फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कुणीतरी चोरदार बसवलं. गंमत म्हणजे ज्या लॉगिनच्या सर्व्हरवर डोळा होता त्याला ही लायब्ररी लागतही नाही. काही लिनक्सवाल्यांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागोमाग ही आत आली. सुनेच्या माहेरच्या शेजाऱ्याने आपल्या तिजोरीपर्यंत पोचावं, तसं. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याच्या मनाला खाऊ लागलं म्हणून. दिवसाअखेर दहा पैशांचा फरक लागत नाही म्हणून घरी न जाणारे हेडकॅशियर मी पाहिले आहेत. हा माणूस त्यांच्या गोत्रातला.

पण या गोष्टीतून भाचा काढतो तो निष्कर्ष मला मान्य नाही. ती लायब्ररी अख्खं जग वापरत होतं आणि वर्षानुवर्षं सांभाळत होता मुख्यतः एक स्वयंसेवक, थकलेला. म्हणून तर मदतीला आलेल्या परक्यावर त्याने भरवसा ठेवला. पातेल्यात जेवणारे सगळे आणि घासणारा एक. यात दोष पातेल्याचा?

माझं म्हणणं एवढंच आहे. सामाईक वस्तूचा धोका तिच्या सामाईकपणात नसतो, आपल्या बेपर्वाईत असतो. जी वस्तू चारजण वापरतात ती बदलायची असेल तर चौघांना विचारावं. विचारणं शक्य नसेल तर जुनी तशीच ठेवून नवीला नवा नंबर द्यावा. लिनक्समध्ये ही सोय आहे. लायब्ररीच्या आत तिचं नाव नंबरासकट कोरलेलं असतं, आमच्या पातेल्याच्या काठासारखं. तिथल्या मूळ सी लायब्ररीचा सहा हा नंबर १९९७पासून हललेला नाही, कारण जुन्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, असा तिच्या सांभाळणाऱ्यांचा बाणा आहे.

त्यांनाही हे एकदा ठेच लागूनच कळलं. त्या लायब्ररीत मेमरीतला मजकूर इथून तिथे उतरवणारं 'मेमकॉपी' नावाचं फंक्शन आहे. २०१०च्या सुमारास त्याला वेगवान केलं, तेव्हा काही मशिनांवर ते उलट्या दिशेने उतरवू लागलं. नियमावलीत लिहिलेलंच होतं, की दोन जागा एकमेकींवर येत असतील तर हे फंक्शन वापरू नये. फ्लॅशने ते वापरलं होतं. नव्या फेडोरावर लोकांच्या गाण्यांतून खरखर येऊ लागली. लायब्ररीवाले म्हणाले, नियम बघा, चूक फ्लॅशची. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स भांडायला उठले : चूक कुणाची का असेना, खरखर ऐकणाऱ्याचा काय गुन्हा? पुढच्या वर्षी २.१४ आवृत्तीत तोड निघाली. नव्या प्रोग्रामला नवं मेमकॉपी, जुन्या प्रोग्रामला जुन्यासारखंच वागणारं. एकाच घरात दोघं, नंबर वेगळे.

बँकेतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२० साली सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, शाखांचे आयएफएससी कोड बदलले. पण जुने कोड काही महिने चालू ठेवले होते. कुठल्यातरी गावातल्या म्हातारीचा मुलगा जुन्याच कोडवर पैसे पाठवणार, हे कुणीतरी धरून चाललं होतं. विंडोजवर 'सिस्टिम बत्तीस' नावाच्या खोलीत चौसष्ट बिटवाल्या लायब्रऱ्या राहतात आणि ज्या खोलीच्या नावात चौसष्ट आहे तिथे बत्तीसवाल्या. हे प्रथम ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता हसत नाही. अगणित जुन्या प्रोग्रामांत 'सिस्टिम बत्तीस' हे नाव लिहिलेलं होतं. ते बदललं असतं तर तेच प्रोग्राम चौसष्ट बिटांसाठी नव्याने बांधताना दारावरून परत गेले असते. म्हणून पाटी तीच ठेवली. विनोदी दिसली तरी चालेल.

आम्हीही तेच केलं. लायब्ररीला नंबर दोन दिला. नंबर एक जिथे होती तिथे परत ठेवली. 'व्याज' हे जुनं फंक्शन दिवसच मोजतं, महिने मोजणाऱ्याचं नाव 'व्याज महिने'. नोटीस बोर्डावर मी स्वतःच्या सहीने माफी लावली. त्यात कंप्युटरचं नाव घेतलं नाही, कारण फोन मी केला होता.

४१८ रुपयांचं व्हाउचर घेऊन मास्तरांकडे गेलो. बाईंचा डोळा आता छान होता. त्यांनी चहा टाकला. मास्तरांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. पातेल्याचीसुद्धा. मग म्हणाले, "रीत चुकली नव्हती तुमची. एकक लिहायचं राहिलं होतं. चौथीच्या मुलाचा मी अर्धा मार्क कापत असे."

"आता लिहिलंय मास्तर. नंबरही घातलाय."

"आणि साल?"

मी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने खिशातून पेन काढलं.